हाकेला ओ

मेहरूणच्या एखाद्या घरी रात्री परदेशस्थ मुलाशी बोलणे चालू असता त्याचा चेहरा पडद्यावर गोठतो, शब्द तुटू लागतात, आणि घरातील मंडळी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस बोल लावून मोकळी होतात. दोष तिचा असेलही. परंतु नाडी न पाहताच औषध देण्यासारखा हा प्रकार होय.

विहिरीचे पाणी किती खोल आहे हे अजमावण्यास माणूस आत खडा टाकतो व आवाज येईपर्यंतचा काळ मनाशी मोजतो. ‘पिंग’ नावाचे साधन हेच करते. अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेतील माइक मूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये रचले; नाव घेतले ते पाण्याखालील वस्तूंचा ध्वनीने वेध घेणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून. संगणक दूरच्या यंत्रास लहानसा निरोप धाडतो, ते ओ देते, आणि जाण्यायेण्याचा काळ सेकंदाच्या सहस्रांशांत दिसतो.

या आकड्यास निसर्गाचीच मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. जळगावाहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर. तंतू तेवढाच लांब धरला तरी जाऊन येण्यास चार सहस्रांश लागणारच. आकडा वीस-तीस आला तर चिंता नको. तो तीनशेवर गेला, किंवा दहा हाकांपैकी तीन निरुत्तर राहिल्या, तर कोठे तरी पाणी मुरत आहे खास. मात्र पहिली हाक घरच्याच राऊटरला मारावी. पुष्कळदा दोष दोन खोल्यांमधल्या जाड भिंतीचाच निघतो, आणि कंपनी बिचारी फुकट शिव्या खाते!

घर निर्दोष ठरले, तर वाट तपासावी. ‘ट्रेसरूट’ हे साधन त्यासाठी आहे. प्रत्येक निरोपावर किती टप्पे चालावयाचे याचा अंक असतो. प्रत्येक नाक्यावर तो एकाने घटतो, व शून्य होताच तेथील यंत्र निरोप टाकून देऊन धन्यास तसे कळविते. एकास पाचोऱ्यापर्यंतचे, दुसऱ्यास चाळीसगावचे, तिसऱ्यास मनमाडचे तिकीट देऊन प्रत्येकाकडून पत्र मागवावे, तसेच हे. कोणाचे पत्र रेंगाळले यावरून अडचणीची जागा उमगते. काही नाके स्वभावतःच मुके असतात. पुढच्यांची उत्तरे येत असतील तर त्यांच्या मौनाचा बाऊ करू नये.

ही जागा किती दूर असू शकते? ३० जानेवारी १९०८ नव्हे, ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीक समुद्रतळाच्या दोन केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. पश्चिमेची बरीचशी वाहतूक पूर्वेकडून फिरवावी लागली. अशा वेळी मुंबई हाकेसरशी ओ देते, लंडन मात्र रेंगाळते; घरची तार बदलून काय होणार?

आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. यंत्राने ओ दिली म्हणजे सेवा चालू आहे असे नव्हे. देवडीवरचा शिपाई जागा असतो, आतला कारकून गैरहजर असतो. उलट काही शिपायांना परक्या हाकेस उत्तर न देण्याचीच ताकीद असते. म्हणून सेवेची परीक्षा तिच्याकडे प्रत्यक्ष काम मागूनच करावी: पृष्ठ उघडते काय, किती वेळात उघडते, अर्जाची पोच मिळते काय? ‘शेकडा ९९.९ वेळ उपलब्ध’ हे वचन भारदस्त वाटते. परंतु त्यातही वर्षाकाठी पावणेनऊ तास दार बंद राहण्यास मुभा आहे, आणि ते तास प्रवेशअर्जाच्या शेवटच्या संध्याकाळीही येऊ शकतात.

तक्रार करण्यापूर्वी सकाळ, दुपार व रात्र अशा तीन वेळांचे आकडे, घरच्या राऊटरचे व बाहेरचे निरनिराळे, तारखेसह वहीत टिपून ठेवावे. ‘फार हळू चालते’ या वाक्यावर कंपनीच्या माणसास काहीच करता येत नाही. रात्री नऊ वाजता दुसऱ्या नाक्यापासून पुढे दहांपैकी चार निरोप गहाळ होतात, हे सांगितले की त्याला कोठे पाहावयाचे ते कळते.