हिंगोलीच्या अंतराचं गणित
लेखमाला : विश्वाची मोजणी (भाग सहावा)

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड आणि हिंगोली जिल्ह्यातलं दुधाळा यांच्यामध्ये पृथ्वीच्या पोटातून सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे 10,600 किलोमीटर भरते. लुईझियानातल्या लिव्हिंग्स्टनपासून दुधाळ्यापर्यंतची रेघ साडेअकरा हजारांच्या घरात जाते. औंढा नागनाथला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणाऱ्यांना या आकड्यांशी काही देणंघेणं नसतं. पण याच तालुक्यातल्या दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहणार आहे, आणि तिच्या उपयोगाचं निम्मं गणित या दोन अंतरांत आहे.

गेल्या भागात गुरुत्वीय लहरी कशा निर्माण होतात ते पाहिलं. त्या मोजायच्या कशा, हा या आठवड्याचा विषय.

14 सप्टेंबर 2015 रोजी लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या लायगोच्या दोन यंत्रांनी पहिल्यांदा अशी लहर पकडली. सूर्याच्या सुमारे 36 पट आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती आणि उरलेलं कृष्णविवर 62 पट वस्तुमानाचं होतं. बेरजेला कमी पडलेले तीन सूर्य ऊर्जा होऊन लहरींत गेले. सूर्याचं वस्तुमान 2 वर तीस शून्यं इतके किलो. त्याची तिप्पट करून प्रकाशवेगाच्या वर्गानं गुणलं की सुमारे 5 वर सत्तेचाळीस शून्यं इतके जूल येतात. एवढ्या उलथापालथीतून निघालेली लहर 130 कोटी प्रकाशवर्षं ओलांडून पृथ्वीवर पोचली, तेव्हा तिनं लांबीत केलेला फरक होता एक भागिले 1 वर एकवीस शून्यं. लायगोची भुजा चार किलोमीटरची. 4,000 मीटरना या अपूर्णांकानं गुणलं की उत्तर येतं प्रोटॉनच्या रुंदीच्या सुमारे चारशेव्या भागाएवढं.

इतका बारीक फरक टिपायचा, तर यंत्राला आजूबाजूच्या सगळ्या हालचालींपासून अलिप्त राहावं लागतं. काटकोनात जोडलेल्या दोन भुजांमधून लेसर किरण निर्वात नळ्यांतून धावतो. टोकांचे 40 किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत, शेवटी काचेच्या धाग्यांवर टांगलेले असतात. जमिनीची अटही कडक आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे चार किलोमीटरांत पृष्ठभाग सरळ रेषेपासून किती खाली जातो? चाराचा वर्ग सोळा, त्याला पृथ्वीच्या 12,742 किलोमीटर व्यासानं भागायचं. उत्तर सव्वा मीटर. नळी किरणासारखी सरळ जायची असेल, तर हा सव्वा मीटर बांधकामात सांभाळावाच लागतो.

मग भूकंपाचं काय? हिंगोलीकरांना हा प्रश्न पडणारच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे आवाज लोक वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत, आणि 21 मार्च व 10 जुलै 2024 रोजी जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. असा धक्का काही काळ यंत्राचं काम थांबवू शकतो, पण खोटी लहर म्हणून तो खपत नाही. प्रकाशाच्या वेगानं येणारी खरी लहर दुधाळा ते हॅनफर्ड हे अंतर जास्तीत जास्त 35 मिलिसेकंदांत कापते. भूकंपाची सर्वांत वेगवान लाट खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते. 35 मिलिसेकंदांत तिची मजल दोनेकशे मीटरांची. तेवढ्या वेळात दोन्हीकडे एकाच घडणीची नोंद झाली, तर तिचा उगम वसमतच्या खडकात असू शकत नाही.

ही घडण आधीच माहीत असावी लागते. पुण्याच्या आयुका संस्थेतले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्येच त्यावर शोधनिबंध लिहिला होता. लहरीचे अपेक्षित नमुने आधी गणितानं तयार करायचे आणि यंत्राच्या नोंदीवर एकेक ठेवून कुठला जुळतो ते पाहायचं, अशी ही पद्धत. बाजाराच्या कलकलाटातही ओळखीच्या गाण्याची चाल कान बरोबर पकडतो, तसंच.

लहर सापडली, पण आली कुठून? 2015 ची लहर लिव्हिंग्स्टननंतर 6.9 मिलिसेकंदांनी हॅनफर्डला पोचली. मिलिसेकंदाला 300 किलोमीटर या वेगानं हे अंतर 2,070 किलोमीटर होतं. दोन यंत्रांमधलं अंतर 3,000 किलोमीटर. 2,070 भागिले 3,000 म्हणजे 0.69, आणि ज्या कोनाची कोज्या 0.69 तो साधारण 46 अंशांचा. म्हणजे उगम दोन यंत्रांना जोडणाऱ्या रेषेशी 46 अंशांचा कोन करतो. पण असा कोन करणारे बिंदू एक नाहीत, आकाशात त्यांचं अख्खं कडं तयार होतं. लहरीची तीव्रता वगैरे जमेस धरूनही सुमारे 600 चौरस अंशांचा पट्टा उरला. पौर्णिमेचा चंद्र आकाशाचा जेमतेम 0.2 चौरस अंश व्यापतो. या पट्ट्यात असे 3,000 चंद्र मावले असते.

तिसरं यंत्र असलं की आणखी कडी मिळतात आणि ती एकमेकांना छेदतात. इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेनं 17 ऑगस्ट 2017 रोजी हे दाखवून दिलं. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा उगम दोन अमेरिकी यंत्रांच्या नोंदींवरून 190 चौरस अंशांत होता. व्हर्गोची नोंद जोडताच तो 31 वर आला. गंमत म्हणजे व्हर्गोला ही लहर अगदी क्षीण दिसली होती. यंत्राला काही दिशा जवळपास दिसतच नाहीत, आणि उगम तशाच दिशेला असणार हे त्या क्षीणपणावरूनच कळलं. अकरा तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीनं एनजीसी 4993 या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू शोधला. पुढे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही त्याची रेडिओ निरीक्षणं घेतली.

हिंगोलीचं अंतर इथं कामी येतं. समजा लहर पोचण्याची वेळ मोजताना 0.1 मिलिसेकंदाची चूक झाली. म्हणजे 30 किलोमीटरची. 3,000 किलोमीटरच्या जोडीत ती शंभरात एक, साडेअकरा हजारांच्या जोडीत सुमारे 380 मध्ये एक. दिशा जवळपास चौपट बारीक कळते.

दिशा कळली की दीर्घिका सापडते, आणि दीर्घिका सापडली की विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येतो. बर्नार्ड शुट्झ यांनी 1986 मध्ये सुचवलेली ही युक्ती आहे. लहरीची वारंवारता किती झपाट्यानं चढते यावरून वस्तुमान कळतं, वस्तुमानावरून लहर मुळात किती जोरकस होती ते कळतं, आणि इथं पोचताना ती किती क्षीण झाली यावरून अंतर. 2017 च्या टकरीचं अंतर आलं 43.8 मेगापार्सेक, म्हणजे सुमारे 14 कोटी प्रकाशवर्षं. दीर्घिकेच्या प्रकाशावरून, स्थानिक हालचाल वजा करून, प्रसरणाचा वेग निघाला सेकंदाला 3,017 किलोमीटर. भागाकार 69; सविस्तर विश्लेषणात 70. म्हणजे दर मेगापार्सेकमागे सेकंदाला 70 किलोमीटर. मेगापार्सेकच्या किलोमीटरना 70 नं भागून सेकंदांची वर्षं केली, तर येतात सुमारे 1,400 कोटी. विश्वाच्या वयाचा हा ढोबळ अंदाज.

मात्र या 70 भोवतीची अनिश्चितता मोठी आहे : 62 ते 82. प्लँक उपग्रहानं मोजलेल्या आदिम प्रारणावरून 67.4 येतात, तारे आणि सुपरनोव्हांच्या पायऱ्यांवरून 73. आठ टक्क्यांचा हा वाद सोडवायला सुमारे 14 टक्के अनिश्चिततेची एक मोजणी पुरत नाही. अनिश्चितता मोजण्यांच्या संख्येच्या वर्गमुळानं घटते. 14 वरून 2 टक्क्यांवर यायचं तर सातपट कपात हवी, म्हणजे सातचा वर्ग, 49. अशा पन्नासेक टकरी, आणि प्रत्येकीची दीर्घिका सापडलेली.

अनिश्चिततेचा मोठा वाटा कलण्याचा आहे. ताऱ्यांच्या जोडीचं फिरण्याचं प्रतल आपल्याकडे कसं कललं आहे हे कळलं नाही, तर जवळची तिरपी जोडी आणि दूरची समोरासमोरची जोडी सारखीच दिसते. दोन अमेरिकी यंत्रं जवळपास एकाच रोखानं बसवलेली असल्यामुळे हा घोळ त्यांना एकट्यानं सुटत नाही. पृथ्वीच्या जवळपास पलीकडल्या बाजूला वेगळ्या रोखानं बसलेलं यंत्र तिथं उपयोगी पडेल.

एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं या प्रकल्पासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय मिळून ते काम करत आहेत. मुळात हॅनफर्डमध्ये दुसरं यंत्र म्हणून ठरलेली सामग्री दुधाळ्याला बसायची आहे.

पुढच्या भागात : रिकाम्या जागेतही शांतता नसते, लेसरच्या एकेका प्रकाशकणाचा खडखडाट आणि तो दाबण्याची युक्ती.