फौजदारी तक्रारीची मुदत

गुन्ह्याला मुदत नसते, अशी समजूत खेड्यापाड्यांतून सर्रास आढळते. खून, दरोडा, बलात्कार यांसारख्या गंभीर गुन्ह्यांबाबत ती खरी आहे. बांधावरची मारामारी, वाट अडवणे, पिकाची नासधूस यांबाबत मात्र ती खरी नाही. तिच्यावर विसंबून स्वस्थ बसलेल्या माणसाला पुढे न्यायालयाचे दार बंद झालेले आढळते.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी सर्वसाधारण मुदत नव्हती. विधि आयोगाच्या शिफारशीनंतर ती १९७३ च्या संहितेत आली आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. वर्षे लोटली की साक्षीदारांची आठवण पुसट होते, आणि किरकोळ आरोपाची टांगती तलवार कोणाच्याही डोक्यावर जन्मभर ठेवणे न्यायाचे नव्हे, हा त्यामागील विचार. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून तिच्या कलम ५१४ मध्ये त्याच मुदती कायम आहेत.

हिशेब शिक्षेवरून होतो. केवळ दंडाच्या गुन्ह्यास सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यास एक वर्ष, एकाहून अधिक व तीन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यास तीन वर्षे. त्यापुढील शिक्षेच्या गुन्ह्यास मुदतच नाही. म्हणून साध्या दुखापतीस एक वर्ष, तर अब्रुनुकसानी किंवा पती व सासरच्यांकडून होणारा छळ यांस तीन वर्षे मिळतात. एकाच खटल्यात अनेक गुन्हे असल्यास सर्वांत जड शिक्षेचा गुन्हा मुदत ठरवतो.

मुदत सामान्यतः गुन्ह्याच्या दिवसापासून सुरू होते आणि तो पहिला दिवस मोजत नाहीत. गुन्हा उशिरा उघडकीस आला, तर तो फिर्यादीस किंवा पोलिसांस कळल्यापासून, आणि गुन्हेगार अज्ञात असेल तर त्याची ओळख पटल्यापासून हिशेब धरतात. आरोपी फरारी असल्याचा काळ वजा होतो. चालूच राहणाऱ्या गुन्ह्यास क्षणोक्षणी नवी मुदत मिळते.

न्यायालयाने दखल घेण्यास महिने लावले तर काय, हा प्रश्न बराच काळ वादाचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०१३ मध्ये तो मिटवला: तक्रार दाखल झाल्याचा दिवस महत्त्वाचा, दखल घेतल्याचा नव्हे. न्यायालयाच्या दिरंगाईचे ओझे फिर्यादीवर पडू नये, हे योग्यच झाले. नव्या संहितेने हेच तत्त्व स्पष्टीकरणाच्या रूपाने कायद्यात घातले. दंडाधिकाऱ्याकडे तक्रार दाखल झाल्याचा किंवा पोलिसांनी कलम १७३ खाली खबर नोंदवल्याचा दिवस धरला जातो.

नेमकी फसगत येथेच होते. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात त्याची नोंद कलम १७४ खाली होते, जिला लोक ‘एन.सी.’ म्हणतात, आणि फिर्यादीस दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगितले जाते. ती पावती घरी जपून ठेवली म्हणजे खटला दाखल झाला, असे नाही. वर्षाच्या आत दंडाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देणे हाच भरवशाचा मार्ग होय. अशा वादात अर्ज लिहून देणाऱ्या शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही गोष्ट फिर्यादीस आवर्जून सांगावी.

सीमेवरील रहिवाशांची आणखी एक शंका असते. बीदर जिल्ह्यातील जनवाड्याच्या शेतकऱ्याची बैलजोडी उदगीरच्या बाजारातून चोरीस गेली, तर धाव कोठे घ्यावी? कायदा केंद्राचा असल्याने मुदत दोन्ही राज्यांत एकच आहे. शिवाय दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणाच्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याने नोंदवून घ्यावयाची असते.

मुदत टळली तरी सारे संपत नाही. विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यास, किंवा न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास, न्यायालय तो माफ करू शकते. वैवाहिक छळाच्या प्रकरणांत न्यायालयांनी याबाबत उदार दृष्टी ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटले. मात्र विलंब माफ करण्यापूर्वी आरोपीचेही म्हणणे ऐकले पाहिजे, असे महाराष्ट्रातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवून दिले आहे. विलंबाच्या अर्जासोबत आजारपणाचे कागद, प्रवासाचे पुरावे, पूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्या असे जे हाती असेल ते जोडावे.