काळी कुळकुळीत मॅथिल्ड

मॅथिल्ड नावाच्या लघुग्रहावर सूर्य उगवला, की मावळायला जवळजवळ 9 दिवस लावतो. आपले दिवस हं! मग तेवढीच लांब रात्र. बरेचसे लघुग्रह काही तासांत स्वतःभोवती गिरकी घेतात. या बाईंना त्यासाठी 17 दिवसही पुरत नाहीत.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात ही राहते. सूर्याभोवती एक फेरी सुमारे 4 वर्षं 4 महिन्यांची. वाट चांगलीच लांबट. कधी सूर्यापासून 29 कोटी किलोमीटरवर, तर कधी थेट 50 कोटींवर.

योहान पालिसा यांनी 1885 मध्ये व्हिएन्नाहून तिला शोधलं, तेव्हा ती दुर्बिणीत नुसता ठिपका होती. तिचा चेहरा दिसला 27 जून 1997 ला. इरॉस नावाच्या लघुग्रहाकडे निघालेलं ‘निअर’ यान वाटेत तिच्या 1,200 किलोमीटर जवळून सुसाट गेलं आणि जाता जाता फोटो काढून घेतले.

फोटोत काय, तर खड्डेच खड्डे! मॅथिल्डची रुंदी सरासरी 53 किलोमीटर आणि सगळ्यात मोठा खड्डा 33 किलोमीटरचा. एवढा दणका खाऊन ही फुटली कशी नाही?

उत्तर तिच्या वजनात सापडलं. जवळून जाताना तिनं यानाला किंचित ओढलं. यानाच्या रेडिओ संदेशांवरून ती ओढ मोजली, त्यावरून तिचं वस्तुमान काढलं, आणि ते भलतंच कमी निघालं. भरीव दगडाच्या निम्मंच! म्हणजे आत जवळपास अर्धी जागा रिकामी. चुरमुऱ्यांच्या पोत्यावर ठोसा मारून बघा; तिथंच खळगा पडतो, पोतं काही फुटत नाही. मॅथिल्डचंही तसंच झालं असावं.

गुरुत्वाकर्षण इतकं कमी, की इथले 30 किलोचे तुम्ही तिथल्या ताणकाट्यावर 30 ग्रॅम भराल. साधी उडी मारलीत, तर परत खाली टेकायला आठेक मिनिटं लागतील. (तेवढ्यात आईच्या दहा हाका होतील!)

आणि रंग? अंगावर पडलेल्या उजेडाच्या शंभर भागांपैकी जेमतेम 4 भाग ती परत पाठवते. अशी काळीकुट्ट, म्हणून तिच्या खड्ड्यांना जगभरातल्या कोळशाच्या पट्ट्यांची नावं दिली आहेत. सगळ्यात मोठा तो कारू, दक्षिण आफ्रिकेतला. आणि एक आपल्याकडचा, झारखंड-पश्चिम बंगालमधल्या कोळशाच्या खोऱ्यावरून: दामोदर.