दोन आवाज, अनेक मालक : ‘नाटू नाटू’चे अर्थकारण

रॅप आणि पॉप या दोन गायनप्रकारांना एकाच गाण्यात आणणारे द्वंद्वगीत हे गेल्या चार दशकांत ध्वनिमुद्रण-व्यवसायाचे हुकमी साधन ठरले आहे. रॅप म्हणजे सुरापेक्षा शब्दांच्या आघातावर चालणारे, तालात बांधलेले भरभर पठण. पॉप म्हणजे चटकन ओठांवर बसणारी चाल आणि वारंवार परतून येणारे ध्रुपद. १९८६ मध्ये ‘रन-डीएमसी’ या रॅप गटाने ‘एरोस्मिथ’ या रॉक वाद्यवृंदाच्या १९७५ मधील ‘वॉक धिस वे’ या गाण्याची नवी आवृत्ती मूळ गायक-वादकांनाच सोबत घेऊन काढली आणि ती अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ या लोकप्रियता-यादीत मूळ गाण्याहून वरच्या, म्हणजे चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पुढे २००९ मध्ये जे-झी आणि अलिशिया कीज यांचे ‘एम्पायर स्टेट ऑफ माइंड’ पाच आठवडे, तर २०१० मध्ये एमिनेम आणि रिहाना यांचे ‘लव्ह द वे यू लाय’ सात आठवडे त्याच यादीच्या शिखरावर राहिले. या यशामागचे गणित साधे आहे : एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणारे दोन श्रोतृवर्ग एका गाण्यात एकत्र येतात आणि गिऱ्हाइकांची बेरीज होते.

भारतात याच गणिताचे सर्वांत मोठे उदाहरण हैदराबादच्या चित्रसृष्टीत घडले. ‘आरआरआर’ या तेलुगू चित्रपटातील राहुल सिपलीगंज आणि काल भैरव यांनी गायलेले ‘नाटू नाटू’ हे काटेकोर अर्थाने रॅप नव्हे. तरीही त्यातील शब्दांची दाटी, अक्षरागणिक पडणारा आघात आणि सुराला दिलेले दुय्यम स्थान पाहता ते रॅप आणि लोकगीत यांच्या सीमेवर उभे असलेले पॉप द्वंद्वगीत म्हणता येते. ते लोकप्रिय का झाले, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लोकप्रियतेचे पैशात रूपांतर कोणत्या वाटांनी होते आणि त्या वाटांवर गाणाऱ्याचे स्थान कोठे असते, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

स्टुडिओ आणि गल्ली

तेलुगू चित्रव्यवसाय मूळचा मद्रासचा. अभिनेते अक्किनेनी नागेश्वर राव यांनी १९७६ मध्ये बंजारा हिल्सवर उभारलेला अन्नपूर्णा स्टुडिओ आणि १९९६ मध्ये शहराबाहेर सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी हे या व्यवसायाच्या हैदराबादेकडील स्थलांतराचे दोन ठळक टप्पे होत. संगीताच्या बाबतीत या शहराला स्टुडिओबाहेरची आणखी एक परंपरा लाभलेली आहे. आषाढातील बोनालू हा उत्सव, हुसेन सागराकडे जाणाऱ्या गणपतीच्या मिरवणुका आणि लग्नाच्या वराती यांत वाजणारा ‘तीनमार’ हा ढोलांचा ठेका तेथील तरुणांच्या अंगवळणी पडलेला असतो, तर जुन्या शहरातील दख्खनी बोलीत हजरजबाबी, चढाओढीच्या बोलण्याची जुनी सवय आहे आणि ती रॅपला आयतीच उपयोगी पडते. रुहान अर्शद या हैदराबादी गायकाचे ‘मियाँभाई’ हे रॅपगीत २०१८ च्या अखेरीस यूट्यूबवर आले आणि कोट्यवधी वेळा पाहिले गेले, तेव्हा चित्रपटाच्या आधाराविनाही गल्लीतले गाणे केवढी मजल मारू शकते हे दिसून आले.

राहुल सिपलीगंज हा याच वातावरणात घडलेला गायक आहे. ‘मंगम्मा’, ‘गल्ली का गणेश’ यांसारखी स्वतंत्र गाणी यूट्यूबवर आणून त्याने आपला श्रोतृवर्ग जमवला. सोबत ‘रंगस्थलम’ (२०१८) आणि ‘इस्मार्ट शंकर’ (२०१९) यांसारख्या चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले आणि २०१९ मध्ये तेलुगू ‘बिग बॉस’चे तिसरे पर्व जिंकले. त्याचा सहगायक काल भैरव याची पार्श्वभूमी अगदी निराळी : तो संगीतकार एम. एम. कीरवाणी यांचा मुलगा असून स्टुडिओच्या शिस्तीत वाढलेला आहे. एक आवाज रस्त्यावरचा आणि दुसरा संगीतकाराच्या घरातला, अशी ही जोडी होती.

गाण्याची घडण

चित्रपटाच्या रचनेतही जोडीचे हेच तत्त्व आहे. दिग्दर्शक एस. एस. राजामौली यांनी अल्लुरी सीताराम राजू आणि कोमाराम भीम या दोन ऐतिहासिक वीरांची काल्पनिक मैत्री रंगवली. त्यांपैकी एक आंध्रचा, तर दुसरा निजामी राज्यातील आदिलाबादकडचा गोंड नेता. पडद्यावर या भूमिका अनुक्रमे राम चरण आणि धाकटे एनटीआर यांनी केल्या, आणि या दोघांचे चाहते तेलुगू समाजात वेगवेगळे गट करून असतात. तेलुगू चित्रपटांचे वितरण ‘नैझाम’, ‘सीडेड’ आणि ‘आंध्र’ अशा विभागांनुसार विकले जाते. तेलंगणाला वितरक आजही ‘नैझाम’च म्हणतात आणि रायलसीमेला ‘सीडेड’. अशा बाजारपेठेत दोन नायकांनी बरोबरीने नाचायचे गाणे हे दोन्ही गटांना एकाच वेळी चित्रपटगृहात आणणारे साधन ठरते.

त्यामुळे गाण्याच्या प्रत्येक अंगावर मेहनत घेतली गेली. कीरवाणी यांनी दक्षिणेकडील लोकसंगीतात रुळलेला सहा मात्रांचा धावता ठेका निवडला. मूळचे तेलंगणाच्या ग्रामीण भागातील गीतकार चंद्रबोस यांनी गीताचा बहुतेक भाग अर्ध्या दिवसात लिहिला, परंतु उरलेला थोडासा भाग मनासारखा होण्यास सुमारे एकोणीस महिने लागले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. नृत्यदिग्दर्शक प्रेम रक्षित यांनी मुख्य पदन्यासाचे अनेक पर्याय बसवून दाखवले आणि त्यांतून आज सर्वपरिचित झालेला पदन्यास निवडला गेला. त्यात दोघे नर्तक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, एकाच शरीराचे चार पाय असावेत तसे, पाय आलटून पालटून पुढे-मागे झोकतात. व्यवसायाच्या भाषेत अशा सहज अनुकरण करता येणाऱ्या हालचालीला ‘हुक स्टेप’ म्हणतात. ती एकट्याने करून भागत नाही, जोडीदार लागतोच; त्यामुळे जो कोणी तिची चित्रफीत करतो तो आपल्यासोबत आणखी एकाला गाण्यात ओढतो. या गाण्याचे चित्रीकरण ऑगस्ट २०२१ मध्ये युक्रेनची राजधानी कीव येथील मारीन्स्की या राष्ट्राध्यक्षीय प्रासादासमोर झाले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत तो देश युद्धात होरपळू लागला.

पाच भाषा, एकच चित्र

‘नाटू नाटू’ १० नोव्हेंबर २०२१ रोजी प्रसृत झाले. त्या वेळी चित्रपट ७ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित होणार होता, म्हणजे गाण्याला जेमतेम दोन महिने मिळणार होते. परंतु करोनाच्या नव्या लाटेमुळे प्रदर्शन २५ मार्चपर्यंत लांबले आणि गाण्याला साडेचार महिन्यांची मोकळी वाट मिळाली. या काळात शब्दपट्टीसह आलेल्या चित्रफितीत हुक स्टेपची झलक तेवढी दिसत होती, आणि तेवढ्यावर समाजमाध्यमांतील अनुकरणांचा पूर लोटला. निर्मात्याला चिंतेत टाकणारी दिरंगाई गाण्याच्या पथ्यावर पडली.

याहूनही महत्त्वाचा निर्णय भाषांचा होता. हिंदीत ‘नाचो नाचो’, तमिळमध्ये ‘नाट्टु कूत्तु’, कन्नडमध्ये ‘हळ्ळी नाटू’ आणि मल्याळममध्ये ‘करिंतोल’ अशी चार भाषांतली रूपे तेलुगू गाण्यासोबतच तयार झाली. काही ठिकाणी सहगायक बदलला, हिंदीत काल भैरवच्या जागी विशाल मिश्रा आला, पण सिपलीगंजचा आवाज बहुतेक भाषांत कायम राहिला. नृत्याचे चित्र एकच असल्याने खर्च एकदाच झाला आणि बाजारपेठा मात्र पाच मिळाल्या. मराठी वाचकाला येथे ‘सैराट’ (२०१६) मधील ‘झिंगाट’ आठवेल, कारण तेही दोघांनी, म्हणजे अजय आणि अतुल गोगावले यांनीच, गायलेले वरातीच्या अंगाचे गाणे. ‘झिंगाट’ची चाल कन्नड ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) आणि हिंदी ‘धडक’ (२०१८) यांत पोहोचली ती पुनर्निर्मितीच्या मार्गाने. प्रत्येक वेळी नवे शब्द, नवे चित्रीकरण आणि मधे एक-दोन वर्षांचे अंतर. त्यामुळे मूळ मराठी गाण्याचे चित्र त्या चालीसोबत परप्रांतात गेले नाही. हैदराबादच्या निर्मात्यांनी एकाच दिवशी अनेक भाषांत उतरण्याची जी पद्धत ‘बाहुबली’पासून पक्की केली होती, तिच्यामुळे ‘नाटू नाटू’च्या बाबतीत चाल आणि चित्र एकत्रच प्रवासाला निघाले, आणि बहुतेक भाषांत मुख्य आवाजही.

चित्रपटाने जगभरात बाराशे कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमवल्याचे व्यवसायातील अंदाज सांगतात. मे २०२२ मध्ये हिंदी आवृत्ती नेटफ्लिक्सवर आल्यानंतर अमेरिकी प्रेक्षकांची दुसरी लाट आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने तेथे रजनीकांत यांच्या ‘मुथू’चा दीर्घकाळ टिकलेला विक्रम मोडला.

पैशाच्या वाटा

गाणे ऐकणाऱ्याला एकसंध वाटते, कायद्याच्या दृष्टीने मात्र ते हक्कांच्या किमान चार थरांचे बनलेले असते : शब्दांवर गीतकाराचा हक्क, चालीवर संगीतकाराचा हक्क, ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा हक्क आणि गायनावर गायकाचा, म्हणजे ‘सादरकर्त्याचा’ हक्क. ‘आरआरआर’चे संगीतहक्क बंगळूरची ‘लहरी म्युझिक’ आणि ‘टी-सीरिज’ या दोन कंपन्यांकडे गेले. चित्रपटाच्या प्रदर्शनापूर्वीच ठोक रकमेने संगीतहक्क विकण्याची ही पद्धत निर्मात्याला आगाऊ भांडवल देते आणि पुढील जोखमीसह पुढील नफाही कंपनीच्या पदरात टाकते.

हा नफा अनेक वाटांनी येतो. यूट्यूबवर लांब चित्रफितींच्या जाहिरात-उत्पन्नातील ५५ टक्के वाटा वाहिनीच्या मालकाला मिळतो. शिवाय ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा गाण्याचा ध्वनिठसा ओळखते, त्यामुळे एखाद्या तिऱ्हाइताने लग्नातील नाचाची चित्रफीत चढवली तरी तिच्यावरील जाहिरातीचे पैसे गाण्याच्या हक्कधारकाकडे वळू शकतात. गाणी ऐकवणारी उपयोजने, रील्ससाठी समाजमाध्यम कंपन्यांशी झालेले परवाना-करार, रेडिओ, उपाहारगृहे आणि जाहीर कार्यक्रम या त्याच्या आणखी वाटा. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्लीतील कोरियाच्या दूतावासातील कर्मचाऱ्यांनी केलेला नाच पंतप्रधानांनी समाजमाध्यमावर वाखाणला. अशा फुकटच्या प्रसिद्धीतून गाणे पुन्हा शोधले जाते आणि पुन्हा ऐकले जाते, आणि प्रत्येक ऐकण्याची नोंद कोठे तरी जमेच्या बाजूस होते.

या जमेत गाणे घडवणाऱ्या कलावंतांचा वाटा किती, याचे उत्तर २०१२ मधील प्रताधिकार कायद्याच्या दुरुस्तीत आहे. पूर्वी गीतकार आणि संगीतकार एकरकमी मोबदला घेऊन आपले सर्व हक्क लिहून देत. दुरुस्तीनंतर त्यांना स्वामित्वधन, म्हणजे प्रत्येक वापरागणिक मिळणारा मोबदला, सोडून देता येत नाही. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य प्रत्येक वापरात हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने वाटा त्यांचा असतो. हा अपवाद लक्षात घेण्याजोगा आहे, कारण त्यामुळे तिकीटविक्रीच्या गल्ल्यातून गाण्याच्या कर्त्यांना स्वामित्वधन मिळत नाही आणि त्यांची मिळकत चित्रपटगृहाबाहेर सुरू होते. तिची वसुली आणि वाटप १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘आयपीआरएस’ ही संस्था करते.

गायकाची स्थिती याहून नाजूक होती. गायकांना स्वामित्वधन मिळावे यासाठी लता मंगेशकर यांनी साठीच्या दशकात आग्रह धरला आणि त्यावरून मोहम्मद रफी यांच्याशी त्यांचा दीर्घ दुरावा झाला, हे सर्वज्ञात आहे. गायनाचे मानधन एकदा स्वीकारल्यावर पुढे मागणे नाही, अशी रफी यांची भूमिका होती. २०१२ च्या दुरुस्तीने लताबाईंची बाजू कायद्यात आणली : चित्रपटासाठी गायनाला लेखी संमती दिलेला गायक त्या चित्रपटातील वापराला हरकत घेऊ शकत नाही, पण गायनाच्या व्यापारी वापराबद्दल स्वामित्वधनाचा हक्क त्याच्याकडे राहतो. त्याच्या वसुलीसाठी २०१३ मध्ये गायकांची ‘इसरा’ ही संस्था उभी राहिली. मुदतीत मात्र अजूनही फरक आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, म्हणजे ‘नाटू नाटू’च्या बाबतीत २०८१ च्या अखेरपर्यंत; सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षांतच संपतो, तर शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो.

गौरव आणि वाटा

गायकाला शेवटी ठेवणारा हाच क्रम पुरस्कारांतही दिसतो. १० जानेवारी २०२३ रोजी गोल्डन ग्लोब आणि १२ मार्च रोजी ऑस्कर अशी दोन्ही पारितोषिके या गाण्याने रिहाना आणि लेडी गागा यांसारख्या पॉप गायिकांच्या गाण्यांना मागे टाकून मिळवली. २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे ‘जय हो’ हे ब्रिटिश चित्रपटातील गाणे होते. भारतीय चित्रपटातील गाण्याला हा मान प्रथमच मिळाला. ऑस्करच्या नियमांनुसार सर्वोत्कृष्ट गीताचे पारितोषिक संगीतकार आणि गीतकार यांना असते, म्हणून बाहुल्या कीरवाणी आणि चंद्रबोस यांना मिळाल्या, तर दोन्ही गायकांनी त्याच मंचावर ते गाणे प्रत्यक्ष गाऊन दाखवले. पुढे एकोणसत्तराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या गाण्याच्या नृत्यदिग्दर्शनाचा गौरव झाला. काल भैरवला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा पुरस्कार मिळाला, पण तो याच चित्रपटातील ‘कोमुरम भीमुडो’ या दुसऱ्या गाण्यासाठी.

जुलै २०२५ मध्ये बोनालूच्या सुमारास तेलंगणाचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी राहुल सिपलीगंजला एक कोटी रुपयांचे रोख पारितोषिक जाहीर केले. राज्याने आपल्या गायकाचा केलेला हा सन्मान उचितच होता, पण त्याचे स्वरूप जुन्या राजाश्रयाचे आहे : ते एकदाच मिळते आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. स्वामित्वधनाचे तत्त्व याच्या उलट आहे. ते गाणे जितके वाजेल तितके आणि वाजेल तोवर, हक्क म्हणून देय असते. दोन श्रोतृवर्गांची बेरीज करण्याची कला हैदराबादच्या गल्लीने आणि स्टुडिओने मिळून जगाला दाखवली आहे. त्या बेरजेचा हिशेब गायकापर्यंत पारदर्शकपणे पोहोचवण्याचे काम आता कंपन्यांचे आणि हक्कसंस्थांचे आहे, आणि ज्या आवाजाला गल्लीतले पोर सहज ओळखते त्याच्या नावावर दर वर्षी किती जमा झाले, हे त्या आवाजाच्या धन्याला विचारावे लागू नये, इतकी ती व्यवस्था साधी असली पाहिजे.