वर्धेच्या काठची गार

मृगाचे दोन-चार पाऊस पडून गेले, की धामणगाव रेल्वेच्या आजूबाजूच्या वावरांत काळ्या मातीवर इथे-तिथे काहीतरी चमकायला लागतं. पांढरं, पिवळसर, कधी लालसर. पावसानं माती धुऊन नेलेली असते आणि गारगोटी उघडी पडलेली असते. वखराच्या पासेला ती आडवी येते, म्हणून उचलून धुऱ्यावर फेकली जाते. पोरांच्या खिशात मात्र तिला जागा असते. अंधाऱ्या खोलीत दोन गारा जोरानं एकमेकींवर घासल्या, की आतून पिवळसर उजेड झळकतो आणि जळकट वास सुटतो. हा खेळ खेड्यातल्या पोरांना कुणी शिकवावा लागत नाही.

धुऱ्यावर फेकलेल्या याच दगडातून बाणाचं टोक घडतं. दगडावर दगड मारून हत्यारं घडवण्याचा छंद अमेरिका-युरोपात चांगलाच रुजला आहे. त्यातली माणसं ज्याचं नाव आदरानं घेतात तो इशी हा कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा. १९११ साली तो डोंगरातून बाहेर आला आणि १९१६मध्ये वारला. मधली वर्षं तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला आणि तिथे लोकांसमोर बाणाची टोकं घडवत असे, अगदी बाटलीच्या काचेचीसुद्धा. काच चालते यातच या कलेचं मर्म आहे. दगड काचेसारखा फुटला पाहिजे. रवाळ दगडाचा भुगा होतो. एकजीव दगडाचा मात्र शिंपल्याच्या आकाराचा, धारदार छिलका सुटतो.

वऱ्हाडात असा दगड कसा आला, हे कळलं की तो कुठे शोधायचा हेही कळतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि थेंबाथेंबानं अकीक, कॅल्सेडनी, जास्पर साठत गेले. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात तळी साचली होती. त्यांच्या गाळात सिलिका मुरून काही ठिकाणी चर्ट तयार झाला. काळा खडक हवापाण्यानं झिजून माती झाला, गार मात्र झिजली नाही. म्हणून ती कापसाच्या वावरात सापडते आणि नदीच्या गोट्यांतही.

शोधायला उन्हाळा बरा. वर्धेचं पात्र आटलं, की वळणाच्या आतल्या बाजूला गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. नाल्याच्या कडा आणि नव्या विहिरीतून निघालेले ढीगही पाहावेत. फक्त विहिरीच्या ढिगात फसगत होते. तिथे चमकणारे पांढरे स्फटिक बऱ्याचदा झिओलाइटचे असतात. दिसायला देखणे, पण चाकूनं ओरखडा उठतो. गारेवर पोलादाचा ओरखडा उठत नाही, उलट गारच पोलादावर रेघ ओढते. मातीतले पांढरे खडे बहुधा चुनखडीचे असतात. त्यांवर लिंबू पिळलं की फेस येतो आणि शंका मिटते.

दगड हातात आला, की तो ओला करून उन्हाकडे धरावा. आत तडा असेल तर रेघ दिसते. मग दुसऱ्या गोट्यानं हलकेच टोकरावं. खणखणीत नाद आला तर दगड आतून सलग, बद्द आवाज आला तर तडकलेला. शेवटी एक कोपरा उडवून पाहावा. आतला पृष्ठभाग मेणासारखा तुकतुकीत निघाला, तर घरी न्यायला हरकत नाही. मधोमध स्फटिकांची पोकळी असलेला अकीक शोभेला ठेवावा. घडवताना तो नेमका तिथेच फुटतो.

नवशिक्याची निराशा होते ती आकारामुळे. चित्रात पाहिलेलं बोटभर लांबीचं, दोन्ही बाजूंनी घडवलेलं टोक त्याच्या डोळ्यांपुढे असतं आणि इथली चांगली गार पुष्कळदा लिंबाएवढी, फार तर मुठीएवढी. दूरवरून मोठा दगड मागवण्यापेक्षा इथल्या जुन्या माणसांनी काय केलं ते पाहणं अधिक शहाणपणाचं आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण्याला एस. ए. साळी यांनी १९७२-७३मध्ये उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि जास्पर-कॅल्सेडनीची बारीक हत्यारंही. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केलं. तिथले ताम्रपाषाणयुगातले शेतकरीही कॅल्सेडनीची चिंचोळी पाती काढत होते. अमरावती जिल्ह्यातही चांदूर बाजार तालुक्यातल्या तुळजापूर गढीला १९८४-८५च्या उत्खननात त्याच युगातली वस्ती उजेडात आली.

या माणसांनी लहान दगडातून मोठं हत्यार काढण्याचा हट्ट धरला नाही. चंद्रकोर, त्रिकोण, नखाएवढं पातं असे तुकडे काढले आणि ते लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंक-राळेनं बसवले. एक तुकडा तुटला तर दुसरा लावला. वऱ्हाडातल्या छंदी माणसानं सुरुवात याच घडणीपासून करावी. दगडाच्या मापाशी ती जुळते.

घडवताना मांडीवर जाड चामडं घेतात. त्यावर गार तिरकी धरतात आणि कडेजवळ, काटकोनापेक्षा कमी कोन असेल तिथे, गुळगुळीत गोट्यानं घाव घालतात. टक्क असा आवाज होतो आणि छिलका दगडाच्या खालच्या अंगानं सुटून तळहातात पडतो. घाव बसला त्याच्या खाली बारीक फुगवटा असतो, आणि तिथून पाण्यात खडा टाकावा तशा लहरी पसरलेल्या दिसतात. पुढचं काम दाबानं होतं. लाकडी मुठीत बसवलेलं तांब्याच्या जाड तारेचं टोक छिलक्याच्या कडेवर रेटलं, की तांदळाच्या कणीएवढे कपचे उडत जातात आणि टोकाला आकार येतो. प्रत्येक वेळी कड खरखरीत दगडावर घासून घ्यावी लागते, नाहीतर ती चुरा होऊन ढासळते.

गुजरातेत खंभातचे अकीक कारागीर दगड मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. लोहाचा अंश असलेला अकीक त्यानं लाल होतो आणि दगड फोडायलाही सोपा जातो. घरी मात्र हे करू नये, ओल राहिलेला दगड आचेवर फुटतो. धुळीचा धोका तर कायमचाच आहे. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. एकदा झालेला हा आजार बरा होत नाही. म्हणून काम मोकळ्या हवेत, नाकातोंडाला योग्य मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावूनच करावं. कपच्यांची धार पात्यापेक्षा कमी नसते. ते अनवाणी पायांच्या वाटेवर सांडू नयेत.

आणखी एक गोष्ट फार जपण्याची आहे. वर्धेच्या वरच्या अंगाला, रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखलं जाणारं कौंडण्यपूर आहे. १९६०च्या दशकात तिथल्या टेकाडांत प्राचीन वस्तीचे थर खोदले गेले. काठाकाठानं अशी पांढरीची टेकाडं पुष्कळ आहेत. तिथे आधीच घडवलेलं पातं दिसलं तर ते उचलू नये, फोडण्याचा तर विचारही नको. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो, आणि जागेवरून हललेलं पातं आपली अर्धी हकिगत गमावून बसतं. फोटो काढून जागा टिपावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावं.

नव्या छिलक्यांचीही तीच काळजी. ते नाल्यात फेकले, तर पुढेमागे एखादा अभ्यासक त्यांना हजारो वर्षांपूर्वीचे समजेल. म्हणून जाणकार ते सगळे गोळा करून एका खड्ड्यात पुरतात आणि वर माती लोटण्याआधी त्यात चालू सालाचं एक नाणं टाकतात.