टपालानें मागविलेलें घर

कापड अगर घड्याळ टपालानें मागवितां येतें, परंतु घर? अमेरिकेंतील सीअर्स रोबक कंपनीनें १९०८ ते १९४० या काळांत तेंही विकलें. लांकूड, दारें, खिळे, रंग व नकाशे असा संच आगगाडीनें येई. पुढें तर लांकूडही मापानें कापून, क्रमांक घालून येऊं लागलें. बेताच्या मिळकतीचीं कित्येक कुटुंबें तें स्वतःच उभारीत. मात्र छापील किंमतींत जमीन, विटा व मजुरी धरलेली नसे. कंपनी कर्जही देई. १९२९ नंतरच्या मंदींत हप्ते थकले आणि स्वहस्तें उभारलेलीं घरें कित्येकांना सोडावीं लागलीं. तयार भागांनीं श्रम वांचतात, नासाडी टळते, हें खरें. परंतु आधीं जमीन, पाया व मजुरी यांचा आंकडा मांडावा आणि उरेल तेवढ्याच रकमेचें घर निवडावें.