सापेक्षतावाद जामीन राहील काय?

भंडारा जिल्ह्यात पूर्वी बैलांनी होणारे धानाचे चुरणे ज्याने पाहिले असेल त्यास स्मरत असेल की, खळ्याच्या मधोमध रोवलेल्या मेढीजवळचा बैल रेंगाळत चालतो आणि दावणीच्या टोकाच्या बैलाला, तेवढ्याच वेळात मोठा फेरा पुरा करावयाचा असल्यामुळे, झपझप पावले टाकावी लागतात. ग्रहमालेची रीत याच्या उलट. जो दूर तो मंद. दीर्घिकांतील वायू मात्र केंद्रापासून दूर गेला तरी जवळजवळ एकाच वेगाने फिरतो, आणि त्यास बांधून ठेवण्याइतके द्रव्य तेथे दिसत नाही.

या तुटीचा एक ठळक दाखला आपल्याच मुलखातील आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या हायड्रोजनच्या 21 सेंटीमीटर लांबीच्या लहरी टिपतात. त्यांच्या साह्याने आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि काराचेन्त्सेव यांनी एनजीसी 3741 या चिमुकल्या दीर्घिकेची पाहणी 2005 मध्ये प्रसिद्ध केली. सूर्याच्या मापाने पाहता तिचे वस्तुमान तिच्या तेजाच्या सुमारे 107 पट निघाले!

त्याच वर्षी कॅनडातील कूपरस्टॉक व टियू यांनी फिर्याद मांडली की, दोष द्रव्याचा नसून न्यूटनच्या गणिताचा आहे, आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाची समीकरणे वापरल्यास न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याची गरजच उरत नाही. बुधाच्या कक्षेतील शतकाला 43 विकलांचा फरक सापेक्षतावादानेच उलगडला होता, तेव्हा ही आशा अगदीच अनाठायी म्हणवत नाही. परंतु त्या 43 विकला म्हणजे सुमारे 415 प्रदक्षिणांची साठवण. एका प्रदक्षिणेचा वाटा जेमतेम दशांश विकला. वेग आणि प्रकाशवेग यांच्या गुणोत्तराचा वर्ग हे न्यूटनच्या गणितातील या दुरुस्तीचे ढोबळ माप. एनजीसी 3741 मधील वायू सेकंदाला सुमारे 50 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ बुधाच्याच वेगाने फिरतो. त्यावरून दुरुस्ती साडेतीन कोटींत एक भाग इतकी येते, आणि भरून काढावयाची तूट तर दृश्य द्रव्याच्या कित्येक पट. रुपयांच्या तुटीत पैशाचा अंशही पडत नाही.

मग त्या दोघांचा हिशेब जुळला कसा? कोर्झिन्स्की यांनी 2005 मध्येच दाखवून दिले की, त्यांच्या उत्तरात दीर्घिकेच्या मध्यपातळीवर द्रव्याची एक अतिपातळ तबकडी, जमाखर्चात न दाखविता, दडून राहिली होती. हा जामीन आम्हांस नामंजूर आहे.